शोभिवंत कोळंबी, गोड्या पाण्यातील : खानदेशातील पालन व पैदास

घरगुती काचटाकीत रंगासाठी आणि शेवाळ खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या, साधारण दोन ते पाच सेंटिमीटर लांबीच्या गोड्या पाण्यातील कोळंब्यांना ही संज्ञा लावतात. संधिपाद संघातील कवचधारी प्राण्यांच्या दशपाद गणात आणि ॲटिडी कुलात त्यांचा समावेश होतो. या कुलाची ठळक खूण म्हणजे पायांच्या पुढच्या दोन जोड्यांच्या लहान चिमट्यांच्या टोकांवरील केसांचे झुपके. या झुपक्यांनी कोळंबी दगड, पाने व काच यांवरील शेवाळाचा व सूक्ष्मजीवांचा थर अखंड खरवडत असते. खानदेशातील नद्यांत मिळणारे खाण्याचे झिंगे बहुधा मॅक्रोब्रॅकियम प्रजातीचे (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा समूह) असतात. त्यांचे चिमटे लांब व पकडणारे असून ते लहान कोळंबीला खातात, म्हणून दोघांना एकत्र ठेवता येत नाही.

पाळल्या जाणाऱ्या जातींचे तीन गट पडतात. लाल चेरी कोळंबी व तिचे पिवळे, निळे, काळे वाण निओकॅरिडिना प्रजातीतील आहेत; ‘बी’ आणि ‘टायगर’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या पट्टेदार कोळंब्या कॅरिडिना प्रजातीतील आहेत. तिसरी अमानो कोळंबी (कॅरिडिना मल्टिडेंटाटा). जपानी जलोद्यानकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी शेवाळ आटोक्यात ठेवण्यासाठी ती वापरात आणली. तिच्या अळ्यांना वाढीसाठी मचूळ पाणी लागत असल्याने घरच्या गोड्या पाण्याच्या टाकीत तिची पैदास होत नाही. प्रस्तुत नोंदीत पहिल्या दोन गटांचा विचार केला आहे.

चेरी कोळंबीच्या शास्त्रीय नावाविषयी बराच गोंधळ आहे, आणि जुन्या-नव्या लिखाणात एकाच प्राण्याची तीन नावे आढळत असल्याने तो उलगडणे आवश्यक ठरते. जपानमधील डेंटिक्युलाटा ही जाती डे हान यांनी १८४४ मध्ये वर्णिली. निओकॅरिडिना ही प्रजाती कुबो यांनी १९३८ मध्ये स्थापन केली. चीनमधील कोळंब्यांना पुढे दीर्घकाळ डेंटिक्युलाटाची उपजाती मानून ‘सायनेन्सिस’ म्हटले जाई, तर लियांग यांनी २००२ मध्ये ‘निओकॅरिडिना हेटेरोपोडा’ हे नाव दिल्यावर शौकिनांच्या व्यवहारात तेच रुळले. दरम्यान, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बुव्हिये यांनी १९०४ मध्ये ‘कॅरिडिना डेव्हिडी’ या नावाने वर्णिलेले नमुने याच जातीचे असल्याचे मत पुढे आले. हे नाव चीनमध्ये संग्रह करणारे धर्मोपदेशक आर्मां डेव्हिड यांच्या स्मरणार्थ आहे. अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव ग्राह्य धरून आता ‘निओकॅरिडिना डेव्हिडी’ असे लिहितात. क्लोट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये जर्मनीतील एका ओढ्यात स्थिरावलेल्या कोळंब्यांची नोंद याच नावाने केली, आणि तोच प्रघात अधिक समर्थनीय दिसतो. मात्र या जातिसमूहाच्या सीमा अजून पक्क्या झालेल्या नाहीत, हे लक्षात ठेवावे लागते. या जर्मन ओढ्यात वीजकेंद्राचे ऊन पाणी सोडले जाते आणि त्यामुळे या कोळंब्या तेथे तगल्या. हवाईतील ओआहू बेटावरील ओढ्यांतही निओकॅरिडिना पसरल्याची नोंद आहे. भुसावळजवळील दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र ठाऊक असलेल्या वाचकाला या उदाहरणाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. तापीच्या पाण्याला तर हिवाळ्यातही अशा उबेची गरज नसते, म्हणून टाकीतील जादा पिले नदी-नाल्यांत वा धरणांत सोडणे निषिद्ध मानले पाहिजे.

चेरीचा लाल रंग निसर्गात स्थिर वाण म्हणून आढळत नाही; मूळ प्राणी तपकिरी-हिरवट व ठिपकेदार असतो. लाल वाण निवडपैदाशीने प्रथम तैवानमध्ये की जपानमध्ये सिद्ध झाला याबाबत एकमत नाही. तैवानच्या बाजूने अधिक लिहिले गेले आहे. जगाच्या बाजारात तो एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी सर्वत्र दिसू लागला. ‘क्रिस्टल रेड’ या लाल-पांढऱ्या कोळंबीचे मूळ मात्र बऱ्यापैकी निश्चित आहे. जपानमधील हिसायासु सुझुकी यांना १९९० च्या दशकात काळ्या-पांढऱ्या बी कोळंब्यांत लाल पिले आढळली व त्यांतून त्यांनी वाण स्थिर केला. लाल रंग अप्रभावी गुण असल्याने दोन लाल नर-माद्यांची पिले लालच निपजतात. या बी कोळंबीला पूर्वी ‘कॅरिडिना कँटोनेन्सिस’ म्हणत. क्लोट्झ आणि फॉन रिंटेलेन यांनी २०१४ मध्ये तिला ‘कॅरिडिना लोगेमानी’ आणि टायगर कोळंबीला ‘कॅरिडिना मारिए’ अशी नवी नावे दिली. विक्रेते अजून जुनेच नाव वापरतात.

खानदेशातील पालनाचा प्रश्न मुख्यतः पाण्याचा आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांचा बराच भाग बेसाल्ट खडकावर, तर तापीकाठचा पट्टा खोल गाळावर वसलेला असून बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. जर्मन अंशांत (१ अंश = १७.८ मिलिग्रॅम) ही मर्यादा ११ ते ३४ अशी येते. चेरीला ६ ते १० अंश मानवतात, म्हणजे माणसाला पिण्यायोग्य ठरलेले पाणीही कोळंबीला जड ठरू शकते. बोअरच्या पाण्याचे काठिण्य ३६० मिलिग्रॅम असेल तर त्याच्या एका भागात दोन भाग आरओचे पाणी मिसळल्यास, आरओच्या पाण्याचे काठिण्य शून्य धरून, सुमारे १२० मिलिग्रॅम म्हणजे पावणेसात अंशांचे पाणी तयार होते. बी व टायगर यांना मात्र मृदू व आम्लधर्मी पाणी (सामू ५.५ ते ६.५) हवे असते, त्यासाठी निव्वळ आरओच्या पाण्यात मोजून क्षार घालावे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन दिवसभर उघड्या भांड्यात ठेवल्याने उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन व अमोनियाचे संयुग) जात नाही.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि बंद खोलीतील टाकीचे पाणी सहज ३२ अंशांवर पोहोचते. चेरीला १८ ते २८ अंश तापमान मानवते, बी कोळंबीला २० ते २४. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो : २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.५. त्याच वेळी प्राण्याची प्राणवायूची गरज वाढते, आणि भारनियमनात एअर पंप थांबला की पहाटेच्या सुमारास कोळंब्या पृष्ठभागाजवळ गोळा होतात. पंपाला इन्व्हर्टर किंवा बॅटरी जोडणे ही येथील पहिली गरज होय. कोरड्या हवेचा फायदाही आहे : ज्या कारणाने खानदेशात कूलर उत्तम चालतो, त्याच कारणाने पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावल्यास तापमान चार-पाच अंशांनी उतरते. जूनमध्ये हवा दमट झाली की हा उपाय क्षीण होतो.

तथापि उडालेल्या पाण्यामागे क्षार उरतात. चाळीस लिटरच्या टाकीतून रोज एक लिटर पाणी उडत असेल व भरणा ३६० मिलिग्रॅम काठिण्याच्या बोअरच्या पाण्याने होत असेल, तर महिन्याला काठिण्यात २७० मिलिग्रॅमची, म्हणजे १५ अंशांची भर पडते. काही क्षार काचेवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात एवढाच फरक. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी आरओच्या पाण्यानेच करावी, आणि बदलायचे पाणी मिश्रणातून घ्यावे. येथील अनेक टाक्या उन्हाने नव्हे तर या सावकाश वाढीने रिकाम्या होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे : कात नीट सुटत नाही, पाठीवर पांढरी कडी दिसते आणि प्राणी एकेक करून मरतात.

पैदास चेरीत सोपी आहे. मादी मोठी, पोटाकडे रुंद. डोक्यामागे पाठीवर पिवळसर-हिरवे अंडाशय दिसते, त्याला पाळणारे ‘सॅडल’ म्हणतात. कात टाकल्यावर मादीने पाण्यात सोडलेल्या गंधाने नर टाकीभर सैरावैरा पोहू लागतात. समागमानंतर वीस-तीस अंडी पोटाखालील प्लवपादांना (पोहण्याच्या पायांना) चिकटतात आणि मादी ती सतत हलवून वारा देत राहते. काही दिवसांनी अंड्यात पिलाचे दोन काळे डोळे दिसतात. तीन ते चार आठवड्यांत सुमारे दोन मिलिमीटरची, हुबेहूब आईसारखी पिले बाहेर येतात. मुक्त अळी-अवस्था नसते. पिले पंपाच्या वाटेने खेचली जाऊ नयेत म्हणून स्पंज फिल्टर आणि लपण्यासाठी जावा मॉस ही पाणवनस्पती वापरतात. टाकी सहा आठवडे अगोदर चालवून अमोनिया व नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्यावर आणणे सर्वमान्य आहे. वेगवेगळे रंग एकत्र ठेवल्यास दोन-तीन पिढ्यांत संतती मूळ तपकिरी रंगाकडे वळते.

अन्नात केळीचे वाळलेले पान खानदेशात सहज मिळते व त्यावर वाढणारा सूक्ष्मजीवांचा थर पिलांना उत्तम ठरतो; मात्र करप्यासाठी फवारणी झालेल्या बागेतील पान घेऊ नये. कपाशीवरील कीटकनाशके आणि डास मारण्याची पायरेथ्रॉइडयुक्त औषधे यांचे अत्यल्प अंशही कवचधारी प्राण्यांना घातक असतात. मोरचूद असलेली माशांची औषधेही याच कारणाने वर्ज्य आहेत. नाकाच्या टोकाशी पांढऱ्या धाग्यांसारखे चिकटणारे स्कुटारिएला हे कृमी आढळल्यास मिठाच्या पाण्यात अल्पकाळ बुडवून काढतात.

प्राणी मुंबई, पुणे, सुरतेहून मागवले जातात. उन्हाळ्यात ते रात्रीच्या गाडीनेच आणणे इष्ट, आणि पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी दीड-दोन तास थेंबाथेंबाने मिसळून मगच त्यांना टाकीत सोडावे.