बाटलीत लवंग कुणी टाकली?

आई बिअर पीत नाही. पण कुणी काही उघडलं की त्याचा वास घेतल्याशिवाय तिला राहवत नाही. गोडा मसाला जन्मभर घरीच केलेल्या बाईचं नाक आहे ते. ती माझ्याकडे बेल्जियममधल्या गेन्टला आली होती, तेव्हा तिने ‘सेझाँ द्यूपाँ’ या बिअरचा पेला नाकाशी धरला आणि म्हणाली, “लवंग आहे गं यात. मिरी पण, थोडीशी.” मी घटकांची यादी वाचून दाखवली. मसाल्याचं नाव नाही. “मग लिहायचं विसरले असतील,” असं म्हणून तिने विषय संपवला.

नाक चुकलं नव्हतं. लवंग होती, फक्त ती कुणी टाकलेली नव्हती.

सेझाँ म्हणजे हंगाम. बेल्जियमच्या फ्रेंच बोलणाऱ्या वालोनियात, एनो प्रांतातल्या शेतांवर ही बिअर हिवाळ्यात करून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतमजुरांना द्यायची, असं सांगतात. गोष्ट जरा जास्तच गोंडस आहे. मी ती अर्धीच खरी मानते. आज या प्रकाराचा नमुना मानली जाते ती तूर्प गावची ६.५ टक्के अल्कोहोलची सेझाँ द्यूपाँ. तिचं यीस्ट ३० अंशांच्या वर सुखाने काम करतं. बहुतेक यीस्टांना एवढ्या उष्णतेत आंबवायला लावलं तर बिअर बिघडते.

बार्लीच्या टरफलात फेरुलिक आम्ल असतं. हे यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरतो तो ४-व्हिनाइलग्वायकॉल नावाचा रेणू. लवंगेतल्या युजेनॉलचा हा चुलतभाऊ. दोघांचा सांगाडा एकच. लिटरमागे जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असला तरी नाकाला कळतो. २०१६ साली बेल्जियममधल्याच लूवेनच्या केव्हिन व्हर्स्ट्रेपेन या यीस्ट-संशोधकाच्या गटाने सहकाऱ्यांबरोबर १५७ यीस्टांचे जीनोम वाचले, तेव्हा दिसलं की बिअरच्या बहुतेक पाळीव यीस्टांमधली हा रेणू बनवणारी जनुकं मोडलेली आहेत. लवंगेचा वास म्हणजे बिघाड, असं समजून शतकानुशतकं माणसाने ती यीस्टं बाजूला टाकली. सेझाँवाल्यांनी मात्र ती ठेवून घेतली.

आता अशा बिअरमध्ये खरोखरच मसाला घातला तर? पिपे गावात १७८५ पासूनची ‘ब्रासेरी आ व्हापर’ आहे, अजून वाफेच्या इंजिनावर चालणारी. तिच्या ‘सेझाँ द पिपे’त मिरी, आलं, संत्र्याची साल, चक्रीफूल असं बरंच काही पडतं. इथे परीक्षकाचं काम अवघड होतं, कारण डब्यातला मसाला आणि यीस्टचा मसाला एकाच पेल्यात बोलायला लागतात.

बिअर-परीक्षकांच्या नेहमीच्या तक्त्यात ५० गुण असतात: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या जाणिवेला ५, एकूण परिणामाला १०. रूपाचे ३ गुण मी फारसा विचार न करता देऊन टाकते. खरी झटापट वासाशी. पेल्यावर तळवा ठेवायचा, गोल फिरवायचा, हात काढून दोन-तीन छोटे हुंगे घ्यायचे. लांब श्वास घ्यायचा नाही. नाक काही क्षणांत सरावतं आणि मग काहीच सांगत नाही. त्यानंतर घोट गिळून नाकाने श्वास सोडायचा. घशामागून वर जाणारा तो वास, त्यालाच आपण बहुतेक वेळा ‘चव’ म्हणतो.

माझी कसोटी एकच: मसाला वेगळा काढून दाखवता आला, तर तो जास्त झाला. आमटीत हिंग ‘दिसला’ की आपण नाक मुरडतो, तसंच.

सेझाँमध्ये ही चूक लपत नाही, आणि त्यालाही यीस्टच जबाबदार. अनेक सेझाँ यीस्टांत एसटीए-१ नावाचं जनुक असतं. त्यातून बनणारं विकर (एन्झाइम) बिअरमधल्या लांब साखळ्यांच्या शर्करासुद्धा तोडतं, मग यीस्ट त्या फस्त करतं. गोडवा जवळपास उरतच नाही. गोड, जाड बिअर मसाल्याचा अतिरेक पोटात घालते. कोरडी सेझाँ तो उघडा पाडते. शिवाय मिरीतलं पायपरिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या रिसेप्टरला) चेतवतं, ती मुळात उष्णतेची, साधारण ४२ अंशांना जागी होणारी. अल्कोहोल हा उंबरठा ३४ अंशांच्या आसपास खाली आणतं. त्यामुळे रश्शात सौम्य लागणारी मिरी ७ टक्क्यांच्या बिअरमध्ये घसा धरते.

धन्यांची गंमत वेगळी. ताज्या धन्यांत लिनालूल भरपूर. त्याचा वास फुलांकडे, संत्र्याकडे झुकतो. पण धने हलके किंवा जुने असले, की बिअरला सेलरीचा, अगदी हॅमचासुद्धा वास येतो. एका स्पर्धेत माझ्यापुढे असा पेला आला होता. शेजारच्या परीक्षकाने “सँडविच” एवढंच लिहिलं. मी त्यापुढे “बिनपावाचं” असं जोडलं आणि १९ गुण दिले.

आईला जायच्या आदल्या दिवशी मी एक मसालेदार सेझाँ उघडली, धने आणि संत्र्याची साल घातलेली. काय आहे ते सांगितलं नाही. तिने हुंगलं, पेला लांब धरला, पुन्हा हुंगलं. “कळत नाही बाई. चांगलं आहे काहीतरी.” मी कागदावर ४१ लिहिले. मग आम्ही बोलत बसलो, पेला टेबलावरच राहिला. थंड बिअरमधून गंधाचे रेणू कमी उडतात. ती कोमट होत गेली तसे ते मोकळे सुटले असणार. अर्ध्या तासाने आईने जाता जाता पुन्हा नाक घातलं.

“धने,” ती म्हणाली. “आणि भाजलेले नाहीत.”

मी ४१ खोडून ३८ केले.