दृढीकरण: बिशपांच्या हाताची वाट पाहणारा संस्कार

टाळेबंदीत महाराष्ट्रातली चर्च मार्च २०२० मध्ये बंद झाली, नोव्हेंबरात उघडली, दुसऱ्या लाटेत परत बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडली. त्या काळात जगभर ठिकठिकाणी दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना तेल लावून पवित्र आत्मा देण्याच्या कॅथलिक संस्काराच्या (कन्फर्मेशन), तारखा पुढे गेल्या. जिथे संस्कार झाला तिथे अनेक बिशपांनी (धर्मप्रांताच्या प्रमुखांनी) मुलांच्या कपाळावर तेलाचा क्रूस काढताना अंगठ्याऐवजी कापसाचा बोळा वापरला, प्रत्येकाला नवा. तोंडाला मास्क, उजव्या खांद्यावर मागून गॉडमदरचा हात, आणि ऑलिव्ह तेलात मिसळलेल्या बाल्साम या सुगंधी राळेचा मंद वास.

संकटात हा संस्कार अडतो, कारण तो बिशपांशी बांधलेला आहे. बाप्तिस्मा वेळ पडली तर कुणीही देऊ शकतं. दृढीकरणाला मात्र लॅटिन, म्हणजे पश्चिमेकडच्या रोमन कॅथलिक, परंपरेत बिशप लागतात, किंवा तसा अधिकार मिळालेले धर्मगुरू. ही अट आली कुठून, ते पाहिलं की संस्काराचा अर्थही उलगडतो.

बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय ८. स्तेफन या ख्रिस्ती सेवकाच्या हत्येनंतर यरुशलेममध्ये छळ सुरू झाला आणि शिष्य पांगले. त्यांच्यातल्या फिलिपने शोमरोनात लोकांना बाप्तिस्मा दिला. हे कळल्यावर येशूचे प्रेषित पेत्र आणि योहान तिकडे गेले, त्यांनी लोकांवर हात ठेवले आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला. ज्यांच्याशी यहुदी लोक जेवणपाण्याचाही संबंध ठेवत नसत, त्या शोमरोनी माणसांना यरुशलेमची मंडळी सांगत होती की तुम्ही आमचेच.

पुढे मंडळी खेड्यापाड्यांत पसरली आणि बिशप सगळीकडे पोहोचेनासे झाले. पूर्वेकडच्या चर्चने तेल लावण्याचं काम धर्मगुरूंवर सोपवलं, पश्चिमेकडच्या चर्चने बिशपांची वाट पाहायचं ठरवलं. तिथूनच बाप्तिस्मा आणि दृढीकरण यांच्यात वर्षांचं अंतर पडलं. पाचव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या भागात शिकवण रुजली की बाप्तिस्म्याने आपण जन्मतो आणि दृढीकरणाने लढाईसाठी बळकट होतो. मध्ययुगात ‘ख्रिस्ताचा सैनिक’ हे वर्णन रूढ झालं आणि बिशप गालावर हलकी चापटही मारू लागले. पोप सहावे पॉल यांच्या १९७१ च्या सुधारित विधीत ती चापट राहिली नाही. मला स्वतःला सैनिकाची प्रतिमा अपुरी वाटते. शोमरोनात आधी माणसांना आपलं म्हटलं गेलं, बळ त्यातून आलं.

आपल्याकडे ‘दृढीकरण झालं, कॅटेकिझम (धर्मशिक्षणाचा वर्ग) सुटलं’ असं मुलं सर्रास म्हणतात. शाळा संपत आलेली असते, क्लास सुरू झालेले असतात. त्या वयाच्या मुलांना मी वसईच्याच एका माणसाची गोष्ट सांगते.

गोन्सालो गार्सिया वसईत वाढला, जपानला गेला, व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन संन्यासी संघात बंधू (धर्मगुरू नसलेला सदस्य) झाला. जपानी भाषा चांगली येत असल्याने तो मिशनऱ्यांचा दुभाषा होता. जपानात १५४९ पासून ख्रिस्ती श्रद्धा होती, पण त्या भूमीवर पहिले बिशप, पेद्रो मार्टिन्स, उतरले ते १५९६ मध्ये. म्हणजे ४७ वर्षं दृढीकरणाविना गेली होती. काही महिन्यांतच, ५ फेब्रुवारी १५९७ ला, नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवलं गेलं. त्यांत गोन्सालो होता. १२ वर्षांचा लुईस इबाराकी आणि १३ वर्षांचा अंतोनियोही होता. ही आपल्या सातवी-आठवीतल्या मुलांची वयं.

नंतरचे बिशप लुईस सेर्केरा १६१४ च्या फेब्रुवारीत वारले, त्याच सुमारास ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. त्यानंतर जपानी ख्रिस्ती लोक अडीचशे वर्षं लपून राहिले. काही काळाने एकही धर्मगुरू उरला नाही. मिस्सा (धर्मगुरूंनी करायची मुख्य उपासना) नाही, दृढीकरण नाही. गावातलाच एक जण बाळांना बाप्तिस्मा द्यायचा आणि दुसरा सणांच्या तारखा सांभाळायचा. या पिढ्यांना देवाने टाकलं असं चर्च कधीच म्हणत नाही. कृपा विधीला बांधलेली नाही. तरीही ही माणसं कशाची तरी वाट पाहत होती.

१७ मार्च १८६५ ला नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावातले काही लोक आले. फ्रेंच फादर पेतिजाँ यांच्या जवळ जाऊन एक बाई हळूच म्हणाली की आमचं मन आणि तुमचं मन एकच आहे, आणि तिने विचारलं, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? फादर लग्न करतात का, रोमच्या पोपना मानतात का, हेही त्या लोकांना जाणून घ्यायचं होतं. दूरच्या मंडळीशी आपला धागा अजून शाबूत आहे ना, याचीच ती चौकशी होती. शोमरोनात पेत्र-योहानांचे हात तोच धागा घेऊन आले होते.

१८६६ मध्ये पेतिजाँ बिशप झाले. पुढच्याच वर्षी उराकामीत धरपकड सुरू झाली. तीन हजारांहून जास्त गावकऱ्यांना, लेकराबाळांसकट, दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार केलं गेलं. १८७३ मध्ये बंदी उठली आणि जे वाचले ते उराकामीला परतले.