दंतचिकित्सालयातील कर्मचारी-सुरक्षा

दंतचिकित्सालयातील साहाय्यक, दंतस्वच्छतातज्ज्ञ व इतर नोकरवर्गाला रक्त-लाळेतून होणारा संसर्ग, तीक्ष्ण उपकरणांच्या जखमा, रसायने, क्ष-किरण व भूलवायू यांपासून जपण्यासाठी मालकाने पाळावयाचे नियम. रुग्णाची सुरक्षा हा याला लागून असलेला, पण कायद्याच्या दृष्टीने वेगळा विषय. अमेरिकेतील व्यवस्था सर्वांत तपशीलवार लिहिली गेल्याने येथे मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

उगम : यातील मध्यवर्ती नियमावली म्हणजे अमेरिकेत कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य पाहणाऱ्या ‘ओशा’ या केंद्रीय प्रशासनाने डिसेंबर १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेले रक्तजन्य रोगजंतूंविषयीचे मानक. फ्लोरिडातील एका दंतवैद्याकडून रुग्णाला एचआयव्हीची लागण झाल्याचे १९९० मध्ये जाहीर झाले आणि त्या खळबळीतून हे मानक आले, अशी समजूत आहे. कालक्रम पाहता ती टिकत नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी अशा नियमांची मागणी १९८६ मध्येच केली होती आणि मसुदा १९८९ मध्ये, म्हणजे फ्लोरिडाची बातमी येण्यापूर्वी निघाला. शिवाय ते प्रकरण रुग्णांच्या लागणीचे होते. मानक नोकरांसाठी आहे. (त्या प्रकरणात बाधित रुग्णांची संख्या पुढे सहा झाली, विषाणूंच्या जनुकीय तुलनेवर काही काळ वाद झाला आणि लागण नेमकी कशी झाली हे अखेरपर्यंत ठरले नाही.) मानकामागची खरी निकड ‘ब’ प्रकारच्या काविळीची असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. दूषित सुई टोचल्यास एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला या काविळीची ६ ते ३० टक्के धरली जाते. म्हणूनच रक्ताशी संपर्क येणारे काम सुरू झाल्यापासून दहा कामकाजी दिवसांत ही लस मोफत देऊ करणे मालकावर बंधनकारक आहे.

सुई व टोपण : वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये, हा सर्वसाधारण नियम. दंतचिकित्सेत तो जसाच्या तसा पाळणे अवघड, कारण एकाच रुग्णाला त्याच सिरिंजने थोड्या-थोड्या वेळाने बधिरतेचे औषध द्यावे लागते. त्यामुळे दुसरा मार्ग नसेल तेथे टोपण ट्रेमध्ये आडवे ठेवून एकाच हाताने सुई त्यात सरकवण्याची किंवा टोपण धरणारे साधन वापरण्याची मुभा आहे. दुसरा हात टोपणाजवळ येता कामा नये. सुई टोचण्याच्या जखमा टाळण्यासाठी झालेल्या अमेरिकेच्या २००० च्या कायद्याने सुरक्षित सुयांची निवड करताना प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे मत घेणे आणि जखमांची नोंदवही ठेवणे सक्तीचे केले. मात्र दंतचिकित्सालये नेहमीच्या अपघात-नोंदीतून वगळलेली असल्याने ही वही त्यांना सहसा लागू होत नाही. एकट्याने व्यवसाय करणारा, नोकर नसलेला दंतवैद्य तर मानकाच्या कक्षेतच येत नाही.

इतर धोके : क्ष-किरणांचा धोका दंतवैद्यांना फार लवकर कळला. न्यू ऑर्लीन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स हे दातांच्या क्ष-किरण चित्रणाच्या आरंभीच्या प्रयोगकर्त्यांपैकी. किरणांमुळे त्यांनी बोटे व पुढे हातही गमावला (मृत्यू १९२८). कर्मचाऱ्याने रुग्णाच्या तोंडातील फिल्म स्वतः धरू नये, हा दंडक आजही कायम आहे. नायट्रस ऑक्साइड या भूलवायूसाठी अमेरिकेत हवेच्या दशलक्ष भागांत २५ भाग ही केवळ शिफारस आहे. ओशाची बंधनकारक मर्यादा नाही.