पिक्सेल घनता आणि पडद्यावरील वस्तूंचा आकार

मॉनिटरच्या पडद्यावर एक इंच लांबीत जितके पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे सर्वांत लहान ठिपके, बसतात, त्या संख्येला पिक्सेल घनता म्हणतात. ती पीपीआय, म्हणजे दर इंची पिक्सेल, या एककात सांगितली जाते. संगणकाच्या लेखी पडद्यावरील चिन्ह, अक्षर किंवा विंडो म्हणजे ठरावीक संख्येचे पिक्सेल. ते मिलिमीटरमध्ये किती भरतील हे मॉनिटरवर अवलंबून असते. घनता वाढली की प्रत्येक पिक्सेल लहान होतो आणि तेवढ्याच पिक्सेलांची वस्तूही त्याच प्रमाणात आक्रसते. घनता दुप्पट झाल्यास वस्तूची लांबी व रुंदी निम्मी, तर क्षेत्रफळ एक चतुर्थांश होते.

आडव्या आणि उभ्या पिक्सेलसंख्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून त्याला पडद्याच्या कर्णाच्या इंचांनी भागले की घनता मिळते. १९२० × १०८० पिक्सेलांच्या, म्हणजे फुल एचडी, २४ इंची मॉनिटरची घनता सुमारे ९२ पीपीआय येते. तेवढेच पिक्सेल १५.६ इंची लॅपटॉपवर असल्यास ती १४१ होते, आणि ३८४० × २१६० पिक्सेलांच्या २७ इंची मॉनिटरवर १६३. त्यामुळे ४८ पिक्सेल रुंदीचे एकच चिन्ह पहिल्या पडद्यावर १३.३ मिमी, दुसऱ्यावर ८.६ मिमी आणि तिसऱ्यावर जेमतेम ७.५ मिमी भरते. नागपूरच्या सीताबर्डीतील एखाद्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याच्या, दुकानात लॅपटॉपला २४ इंची मॉनिटर जोडलेला असेल आणि दोन्हींचे स्केलिंग, म्हणजे वस्तू किती पटीने मोठ्या करून दाखवायच्या ते प्रमाण, १०० टक्के असेल, तर लग्नपत्रिकेची विंडो लॅपटॉपवरून मॉनिटरवर सरकवताच दीडपटीहून थोडी मोठी दिसू लागते, जरी फाइलमध्ये काडीचाही बदल झालेला नसतो. मोठा मॉनिटर घेतला की अक्षरे मोठी दिसतात, हा खरेदीच्या वेळी हमखास मिळणारा सल्ला पिक्सेलसंख्या तीच राहिली तरच खरा ठरतो. वरील २७ इंची मॉनिटर २४ इंचीपेक्षा मोठा असूनही त्यावरची अक्षरे बारीक दिसतात.

हा प्रश्न पूर्वी फारसा जाणवत नसे, कारण मॉनिटरांची घनता एका अरुंद पट्ट्यात राहत होती. १९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदा ७२ पीपीआयचा होता आणि छपाईतील पॉइंट हे माप इंचाचा ७२ वा भाग असल्याने तेथे एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल असा सरळ हिशेब जमत असे. विंडोजने दर इंची ९६ पिक्सेल हा आधार धरला, त्यामुळे तेथे १२ पॉइंटांचे अक्षर १६ पिक्सेलांचे होते. २०१० मध्ये आयफोन ४ ने ३२६ पीपीआयचा पडदा आणला, २०१२ मध्ये १५ इंची मॅकबुक प्रो २२० वर पोहोचला, आणि पिक्सेल हेच लांबीचे माप मानणारी सगळी गणिते कोलमडली.

त्यावरचा उपाय म्हणजे स्केलिंग. विंडोजमध्ये १०० टक्के म्हणजे ९६ हा आधार, १५० टक्के म्हणजे १४४ आणि २०० टक्के म्हणजे १९२. वरील २७ इंची मॉनिटरवर १५० टक्के स्केलिंग ठेवल्यास वस्तूंचे आकार २५६० × १४४० पिक्सेलांच्या २७ इंची मॉनिटरवरील आकारांइतकेच होतात. फरक पडतो तो रेखीवपणात, कारण प्रत्येक अक्षराच्या वाट्याला आता सव्वादोनपट पिक्सेल येतात. देवनागरीला याचा लाभ विशेष होतो. ‘महाराष्ट्र’ या शब्दातील ‘ष्ट्र’ हे जोडाक्षर १६ पिक्सेलांत कोंबले की खालच्या रेघा एकमेकींत मिसळतात, तर २४ पिक्सेलांत ष, ट आणि र सुटे ओळखू येतात. स्केलिंग न वापरता रिझोल्यूशनच, म्हणजे चित्राची एकूण पिक्सेलसंख्याच, कमी करून अक्षरे मोठी करण्याची जुनी सवय मात्र एलसीडी पडद्यावर सोडून दिलेली बरी, कारण त्याचे पिक्सेल कायमचे ठरलेले असतात आणि कमी रिझोल्यूशनचे चित्र त्यांच्यावर ताणून बसवावे लागल्याने ते पुसट होते.

स्केलिंगही निर्दोष नाही. १२५ टक्क्यांना एक पिक्सेल जाडीची रेघ सव्वा पिक्सेलांची होऊ पाहते, ते शक्य नसल्याने एक तर ती पूर्णांकात बसवावी लागते किंवा कडेला फिकट छटा द्यावी लागते. विंडोजमध्ये प्रत्येक मॉनिटरला वेगळे स्केलिंग देण्याची सोय २०१३ च्या ८.१ आवृत्तीत आली, परंतु तिची दखल न घेणारे जुने प्रोग्रॅम आजही दुसऱ्या मॉनिटरवर धूसर दिसतात.

आकार किती जाणवतो हे अंतरावरही ठरते. वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेतील पिक्सेल म्हणूनच कोनावरून ठरवला आहे: ९६ पीपीआयचा एक पिक्सेल २८ इंचांवरून डोळ्याशी जेवढा, म्हणजे सुमारे ०.०२१३ अंशाचा, कोन करतो तेवढा. मोबाइल हातभर अंतराच्याही आत धरला जात असल्याने त्यावरची लहान अक्षरे वाचता येतात.

नागपुरात या विषयाला नकाशांची एक वेगळी बाजू आहे. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या दोन्ही संस्था याच शहरात आहेत, आणि पडद्यावर नकाशा वाचणाऱ्याला घनतेचा फटका सर्वांत थेट बसतो. वेबवरील नकाशांसाठी ओजीसी या भौगोलिक माहितीची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात पिक्सेलची बाजू ०.२८ मिमी धरली आहे, म्हणजे जवळजवळ ९१ पीपीआय. या गृहीतावर १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक पिक्सेल जमिनीवरील १४ मीटर दाखवतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर हे प्रमाण जवळपास खरे उतरते. पण १६३ पीपीआयच्या मॉनिटरवर, स्केलिंग नसताना, तोच नकाशा प्रत्यक्षात १:९०,००० चा होतो. पट्टी लावून अंबाझरी तलाव ते शून्य मैलाचा दगड हे अंतर मोजणारा तेथे एक सेंटिमीटरला ५०० मीटर धरेल, तर खरे अंतर ९०० मीटर असेल. १:५०,००० असे आकड्यांत लिहिलेले अंकप्रमाण असे फसवते. रेषाप्रमाण, म्हणजे नकाशावर काढलेली अंतराची मोजरेषा, नकाशाबरोबरच लहानमोठे होत असल्याने कोणत्याही पडद्यावर बरोबर राहते, आणि म्हणून पडद्यावरच्या नकाशात तेच छापलेले असणे अधिक योग्य होय.

मॉनिटर आपली लांबी-रुंदी ईडीआयडी या माहितीसंचाद्वारे संगणकाला कळवतो, त्यावरून खरी घनता काढता येते. प्रोजेक्टरला ते शक्य नसते, कारण त्याच्या चित्राचा आकार भिंतीपासूनच्या अंतराबरोबर आणि झूमबरोबर बदलतो. तेथे वस्तूचे खरे माप भिंतीवर मोजपट्टी धरूनच कळते.