हप्ता भरला म्हणून उशिराची नोंद पुसली जात नाही

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांत वर्षानुवर्षं ऐकतेय, 'थकलेला हप्ता भरला की सिबिल कोरं होतं.' नाही होत. सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल; त्यात थकबाकी शून्य दिसते, पण किती दिवस उशीर झाला ते 36 महिन्यांच्या महिनावार तक्त्यात राहतं. तरीही भराच, 90 दिवसांपलीकडे थकलं तर खातं अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीताच्या वाटेवरचं ठरतं. कमी रकमेत तडजोड केलीत तर 'सेटल्ड' शेरा लागतो, तो फार जाचतो.

पैसे घेऊन खरी नोंद पुसून देतो म्हणणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा, कळकळीने सांगते. नोंद चुकीची असेल तर तक्रार फुकट करता येते. 30 दिवसांत निकाल नाही लागला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला 100 रुपये भरपाई. कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षाला प्रत्येकी एक अहवाल मोफत मिळतो.