कडेची कुसळं

कापसाचा छोटा बोळा घ्यायचा आणि नव्या सॉकेटच्या कडेवरून सावकाश फिरवायचा. बोटाला कड गुळगुळीत लागते, डोळ्याला चकचकीत दिसते, पण बोळा मध्येच अडतो आणि काळ्या कडेला कापसाचा एक पांढरा तंतू लटकत राहतो. तिथे कार्बनचं कुसळ आहे. माळावरून चालून आल्यावर कपड्यांना चिकटतात तसलंच, फक्त आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतकं बारीक.

सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पेला. शस्त्रक्रियेनंतर उरलेला पाय, ज्याला सगळे ‘स्टंप’ म्हणतात, तो यात बसतो. स्टंपच्या मापाच्या प्लास्टरच्या साच्यावर पीव्हीए नावाच्या पातळ प्लास्टिकची पिशवी चढवतात. तिच्यावर नायलॉनचे विणलेले मोजे आणि कार्बनच्या विणलेल्या नळ्या एकावर एक येतात, आणि वरून दुसरी पिशवी. मग व्हॅक्यूमने हवा ओढून घेत पातळ रेझिन वरून सोडतात. ते थराथरांत झिरपतं आणि कडक होतं. यालाच लॅमिनेशन म्हणतात. शेवटी, आखलेल्या ट्रिम लाइनवर थरथरत्या पात्याच्या कटरने सॉकेट कापतात.

खरी अडचण त्या कापातून सुरू होते. कार्बनच्या एका पेडात ३,००० ते १२,००० तंतू असतात, प्रत्येकाची जाडी ५ ते ७ मायक्रॉन. पृष्ठभागावर हे तंतू आडवे, रेझिनमध्ये बुडालेले असतात, म्हणून तिथे हाताला काचेसारखं लागतं. कापलेल्या कडेवर मात्र त्यांची टोकं उघडी पडतात. जयपूर फूटच्या पायात एचडीपीईचा पाइप तापवून साच्यावर चढवतात. ते एकजिनसी प्लास्टिक आहे, कानस मारली की कड गोल होते. कार्बनचं तसं नाही. तिथे दोन वेगळे पदार्थ शेजारी बसलेत, एक अतिशय कठीण आणि दुसरा त्यामानाने मऊ. जोर लावून घासलं की रेझिन आधी झिजतं आणि तंतू दाढीच्या खुंटांसारखे वर राहतात.

त्यात उष्णतेची भर. राउटरवर, म्हणजे घासायच्या मशीनवर, फिरणाऱ्या ड्रमला सॉकेट दाबून धरलं तर कड तापते, रेझिन मऊ होऊन फासलं जातं आणि खुंट त्याखाली झाकले जातात. त्या दिवशी कड सुंदर दिसते. काही आठवड्यांच्या घामाने आणि घर्षणाने तो पातळ पापुद्रा गेला की कुसळं पुन्हा वर. म्हणून जाणता टेक्निशियन हात हलका ठेवतो, सॉकेट सतत फिरतं ठेवतो आणि ड्रमचा घासणारा रोख असा धरतो की थर एकमेकांवर दाबले जातील. उलट्या रोखाने थर उचलले जातात, आणि एकदा कडेला पापुद्रा सुटला की ती फट पावलागणिक आत सरकू शकते. कटरची राहिलेली खाचही तशीच घातक, कारण ताण तिथेच एकवटतो. कडेची ही सफाई मला पायाच्या मजबुतीचाच भाग वाटते, तिला शेवटची सजावट समजणं चूक आहे.

राउटरनंतर काचपेपर हाताने. १२० नंबर, मग २२०, ४००, शेवटी ६००. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तसेच राहतात. बारीक नंबर पाण्यात भिजवून वापरावेत. पाण्याने कड थंड राहते आणि धूळ उडत नाही. या धुळीला हलक्यात घेऊ नये. नेहमीच्या कार्बनचे तंतू घासताना आडवे तुटतात, अ‍ॅस्बेस्टॉससारखे उभे चिरत नाहीत, त्यामुळे त्यांची जाडी सहसा कमी होत नाही. तरीही त्यांचे तुकडे मनगटावर खाज आणतात, डोळे आणि घसा चुरचुरवतात, आणि सोबतची रेझिनची भुकटी त्याहून बारीक असते. शिवाय कार्बनमधून वीज वाहते. ही धूळ मशीनच्या मोटरमध्ये किंवा स्विचमध्ये साठली तर शॉर्टसर्किट होतं. तोंडाला चांगला मास्क आणि कडेशेजारी धूळ ओढणारा पाइप, दोन्ही हवेतच.

घासून झालं की कड पुसून, पूर्ण वाळवून तिच्यावर रेझिनचा पातळ हात देतात. उघडी टोकं त्यात बुडतात. तो थर पूर्ण कडक होईपर्यंत सॉकेट रुग्णाला देऊ नये, कारण कच्च्या अ‍ॅक्रिलिक रेझिनने कातडीला अ‍ॅलर्जी होऊ शकते. काही कारागीर याहून आधी विचार करतात. मोजे चढवतानाच कार्बन ट्रिम लाइनच्या थोडं आत थांबवतात आणि कडेला फक्त नायलॉन ठेवतात. जिथे फार ताकद नको तिथे ही युक्ती मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

गुडघ्याखालच्या पायात कडेची खरी परीक्षा गुडघ्यामागे होते. माणूस खुर्चीत बसला की मांडीच्या मागच्या स्नायूंचे दोर, म्हणजे हॅमस्ट्रिंग, सॉकेटच्या मागच्या कडेवर येतात. कडेची रुंदी निम्मी झाली तर त्याच जोराचा दाब दुप्पट होतो, म्हणून तिथे कड बाहेर वळवून चांगली गोल करतात. मधुमेहाने पाय गमावलेल्या माणसाला तिथलं टोचणं कळतच नाही असंही होतं, मग बघणाऱ्याचे डोळेच कामाला येतात. रुग्णाला पाय घालून थोडा वेळ बसवायचं, सॉकेट काढायचं आणि घड्याळ लावायचं. कातडीवरची लाली दहा मिनिटांत ओसरली तर ठीक. राहिली तर सॉकेट परत राउटरवर जातं, तिथली कड पुन्हा उघडी होते, आणि काचपेपर, रेझिन, कापसाचा बोळा हे सगळं पहिल्यापासून.