कोंडवाडा

दुसऱ्याच्या शेतात, रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत शिरलेली पाळीव जनावरे पकडून, मालक दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च भरेपर्यंत ती ताब्यात ठेवण्यासाठी ग्रामपंचायत, नगरपरिषद अथवा अन्य स्थानिक प्राधिकरणाने चालवलेली बंदिस्त जागा. गोठा मालकाचा असतो आणि म्हाताऱ्या वा बेवारस जनावरांना सांभाळणारे पांजरपोळ धर्मादाय असते. कोंडवाड्यात मात्र जनावर मालकाच्या इच्छेविरुद्ध अडकवले जाते आणि ते सोडवणे मालकाला कायद्याने भाग पडते. चार भिंती किंवा काटेरी तारेचे कुंपण, पाण्याची टाकी, गव्हाण, छपराचा एक भाग आणि कुलूप लावता येईल असे फाटक एवढीच बहुतेक ठिकाणची रचना असते.

उगम : कोंडवाड्याच्या उगमाविषयी दोन मते मांडली जातात. एका मतानुसार पिकाची नासाडी करणाऱ्या जनावरांविषयीची प्राचीन भारतीय दंडव्यवस्था ब्रिटिश अमलात नव्या नावाने चालू राहिली. दुसऱ्या मतानुसार ही संस्था इंग्लंडच्या ग्रामीण कायद्यातून जशीच्या तशी उचललेली आहे. पहिल्या मताला आधार देणारी वचने थोडी नाहीत. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गुरांचा मालक व गुराखी यांच्यातील वादाच्या प्रकरणात गावाभोवती १०० धनुष्ये (धनुष्य हे लांबीचे जुने माप) रुंदीची जमीन चराईसाठी सोडावी, नगराभोवती तिच्या तिप्पट सोडावी, असे सांगितले आहे. या पट्ट्यात कुंपण न घालता लावलेले पीक जनावरांनी खाल्ले तर राजाने गुराख्याला दंड करू नये, असेही तेथे म्हटले आहे. कुंपण उंटाला वरून डोकावता येणार नाही इतके उंच असावे आणि कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरेल असे त्यातले प्रत्येक भोक बुजवावे, हा तपशील पाहता संहिताकाराला शेतावरची परिस्थिती ठाऊक असावी असे वाटते.

याज्ञवल्क्यस्मृतीत जनावरनिहाय दर येतात. पीक खाणाऱ्या म्हशीस ८ माष (माष हे जुने लहान नाणे), गाईस त्याच्या निम्मे आणि शेळी-मेंढीस त्याच्याही निम्मे असा दंड असून, खाऊन झाल्यावर जनावर तेथेच बसून राहिले तर तो दुप्पट होतो. गाढव व उंट म्हशीच्या बरोबरीने धरले आहेत. या स्मृतीचा काळ धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे यांनी इ.स.पू. १०० ते इ.स. ३०० असा धरला होता, तर अलीकडील अभ्यासकांचा कल तो चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत खाली आणण्याकडे आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील दरपत्रकात म्हैस व उंट यांना पाव पण (‘पण’ हे जुने नाणे), गाय, घोडा व गाढव यांना त्याच्या निम्मे आणि लहान जनावरांना एक षोडशांश पण अशी विभागणी आहे.

ही विभागणी १८७१च्या ब्रिटिश कायद्यातील मूळ दरपत्रकाशी लक्षणीय जुळते. त्यात उंट व म्हैस यांना ८ आणे, घोडा, बैल व गाय यांना ४ आणे, वासरू, गाढव व डुक्कर यांना २ आणे आणि शेळी-मेंढीला १ आणा दंड होता. हत्तीला २ रुपये होते, पण हा दर देशावर किंवा कोकणात कोणाकडून वसूल करण्याची वेळ आली असेल असे वाटत नाही. उंट व म्हैस एका वर्गात, गाय व घोडा त्याच्या निम्म्यावर हे साम्य पाहून ब्रिटिश कायदेकारांनी जुना दर उचलला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु अर्थशास्त्राची पोथी १९०५ साली उजेडात आली आणि तिची छापील प्रत १९०९ साली निघाली. त्यामुळे १८७१च्या मसुद्यावर तिचा प्रभाव असणे शक्य नाही. याज्ञवल्क्यस्मृती तोवर परिचित होती हे खरे, मात्र तिच्यातले गाढव म्हशीच्या बरोबरीचे आहे आणि कायद्यातले वासराच्या. जनावर जितके खाते आणि तुडवते त्या मानाने दंड ठरवायचा म्हटल्यास कोणत्याही काळी साधारण असेच कोष्टक तयार होईल, हे स्पष्टीकरण अधिक सरळ वाटते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा असा, की स्मृतिग्रंथांतील या प्रकरणांत दंड, कुंपण आणि गुराख्याची जबाबदारी या तिन्ही गोष्टी असल्या तरी जनावर राजसत्तेच्या वाड्यात डांबून ठेवण्याची संस्था त्यांच्या केंद्रस्थानी नाही. इंग्लंडच्या रूढ कायद्यात मात्र नुकसान करणारे परक्याचे जनावर अडकवून ठेवण्याचा जमीनधारकाचा हक्क मध्ययुगापासून होता आणि त्यासाठी गावोगावी दगडी वाडे व त्यांचे राखणदार होते. तेव्हा कोंडवाड्याची यंत्रणा आयात आणि तिच्यामागची समजूत स्थानिक, असे मानणे योग्य ठरेल. आयात करताना तिच्यात एक मोठा बदल झाला. इंग्लंडमध्ये जनावर अडवण्याचा हेतू नुकसानभरपाई मिळेपर्यंत तारण हाती ठेवणे हा होता. भारतात दंडाची रक्कम कोंडवाड्याच्या निधीत जाऊ लागली आणि ज्याचे पीक गेले त्याला भरपाईसाठी दिवाणी न्यायालयाची वाट दाखवण्यात आली. इंग्लंडमधला जुना हक्क १९७१च्या प्राणिविषयक कायद्याने रद्द होऊन त्याच्या जागी मर्यादित स्वरूपाची नवी तरतूद आली.

कायदा : ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखासाठी या विषयावरचा कायदा १८५७चा तिसरा होय. क्रमांक पाहता तो त्या वर्षीच्या उठावापूर्वीचा ठरतो. त्याची जागा १८७१च्या पहिल्या कायद्याने, म्हणजे गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या अधिनियमाने घेतली. त्यातील ‘गुरे’ या संज्ञेत हत्ती, उंट, घोडे, खेचरे, गाढवे, डुकरे, शेळ्यामेंढ्या हे सारे येतात, कुत्रा मात्र येत नाही. कोंडवाडे कोठे असावेत, कोणत्या गावांनी कोणता वापरावा आणि खाद्याचा दर काय असावा हे ठरवण्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे होता. कोंडवाड्याचा रखवालदार लोकसेवक समजला जाई. शेत कसणाऱ्याला किंवा त्याचा ताबा असणाऱ्याला नुकसान करणारे जनावर स्वतः पकडता येत असे, मात्र ते २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोहोचवणे त्याच्यावर बंधनकारक होते. सार्वजनिक रस्ते, कालवे आणि बंधारे यांचे नुकसान करणाऱ्या जनावरांसाठी वेगळे कलम होते. पकडलेले जनावर बळाने सोडवून नेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. उलट बाजूने, बेकायदा पकडल्याची तक्रार मालकाला दहा दिवसांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे करता येई.

हा कायदा इलाखा-शहरांना, म्हणजे मुंबई, कलकत्ता व मद्रास यांना, लागू नव्हता, ही बाब त्याचे स्वरूप समजण्यास पुरेशी आहे. तो उभ्या पिकाच्या रक्षणासाठी होता आणि शहरातली रहदारी त्याच्या विचारात जवळजवळ नव्हती. मुंबईसाठी व पुढे अन्य शहरी भागांसाठी पोलीस कायद्यात, ज्याचे आजचे रूप १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दिसते, कोंडवाड्यांच्या स्वतंत्र तरतुदी आल्या. ग्रामपंचायतींसाठी १९५८च्या अधिनियमात आणि नगरपरिषदांसाठी १९६५च्या अधिनियमात हा विषय स्थानिक संस्थेकडे सोपवला गेला. वनखात्याने मात्र जुन्या कायद्याचाच आधार घेतला. राखीव वनात शिरलेले जनावर सार्वजनिक लागवडीचे नुकसान करते आहे असे गृहीत धरण्याची सोय १९२७च्या भारतीय वन अधिनियमात असून, त्यातील वाढीव कमाल दर हत्तीला १० रुपये, म्हैस व उंटाला २ रुपये, गाय-बैल-घोड्याला १ रुपया आणि शेळी-मेंढीला ८ आणे असे होते. शेळीचा दर येथे मूळच्या आठपट आणि गाईचा चौपट आहे. वनाच्या पुनरुत्पादनाला शेळीपासून अधिक धोका आहे ही तत्कालीन वनाधिकाऱ्यांची धारणा त्यामागे असावी.

देवाला सोडलेला वळू हा या व्यवस्थेतला जुना पेच आहे. मनुस्मृतीने नुकतीच व्यालेली गाय आणि देवाची जनावरे दंडातून वगळली होती. वृषोत्सर्गाने, म्हणजे धार्मिक विधी करून, सोडलेल्या वळूवर कोणाची मालकी उरत नाही, म्हणून त्याची चोरीही होऊ शकत नाही, असा निर्णय १८८०च्या दशकात अलाहाबाद उच्च न्यायालयाने दिला. मालकच नसलेले जनावर कोंडवाड्यात आणले तर दंड कोणाकडून घ्यायचा, या प्रश्नाची सोडवणूक व्यवहारात कायद्याऐवजी गावच्या संमतीने होत आली आहे.

कामकाज : लहान शहरांत जनावरे पकडण्याचे काम सहसा आरोग्य किंवा स्वच्छता विभागाकडे असते. मुकादम व चार-सहा कर्मचारी पहाटे, रहदारी सुरू होण्यापूर्वी निघतात. त्या वेळी जनावरे बसलेली असतात आणि त्यांना गळ्यात दावे टाकून हाकणे सोपे जाते. पावसाळ्यात काम वाढते, कारण डांबरी रस्ता भोवतालच्या ओल्या जमिनीपेक्षा कोरडा असतो आणि तेथे माश्यांचा त्रास कमी होतो. कळपातली पुढारी गाय आधी वळवली की बाकीची मागे येतात. एकट्या वळूला मात्र दोन बाजूंनी कासरे लावल्यावाचून गाडीत चढवणे धोक्याचे असते.

जनावर आत घेताना नोंदवहीत त्याचे वर्णन, आणल्याचा दिवस व वेळ, आणणाऱ्याचे नाव व राहण्याचे ठिकाण आणि माहीत असल्यास मालकाचे नाव लिहिले जाते, व आणणाऱ्याला नोंदीची नक्कल मिळते. हा नमुना १८७१पासून फारसा बदललेला नाही. ढवळी, तांबडी, बांडी, कपिली असा रंग, शिंगांचा आकार, कपाळावरचा चांद आणि डाग दिल्याची खूण एवढ्या तपशिलावर पुढे मालकी सिद्ध होते. दोघांनी एकाच गाईवर हक्क सांगितला तर शेजाऱ्यांची साक्ष घेतली जाते. कानात बारा अंकी बिल्ला मारण्याची पद्धत आल्यापासून हा वाद कमी व्हायला हवा होता, परंतु मोकाट सोडण्याच्या जनावराचा बिल्ला काढून टाकला की ती सोयही संपते.

दुभत्या गाईसाठी मालक बहुधा त्याच संध्याकाळी येतो. कास तटली तर कासदाहाचा धोका असतो, त्यामुळे तो आला नाही तर धार काढणे कर्मचाऱ्यांवर येते. भाकड गाय, म्हातारा बैल आणि गोऱ्हा यांच्यासाठी कोणी येत नाही. दंड कमी ठेवला तर कोंडवाडा मालकाला स्वस्तातला चारा ठरतो आणि जास्त ठेवला तर जनावर कायमचे नगरपरिषदेच्या गळ्यात पडते. दराच्या ठरावावर सभागृहात होणारी चर्चा बहुतांशी या पेचाभोवती फिरते. शहरात चरलेल्या जनावरांच्या पोटात प्लॅस्टिक साठलेले असते. अशा जनावराला एकदम भरड धान्य घातले तर पोटात आम्लता वाढून ते दगावू शकते, म्हणून सुरुवातीस कडबा व पाणी यांवर ठेवणे इष्ट मानले जाते. लाळ्या-खुरकूत किंवा लम्पी त्वचारोगाच्या साथीत, जसे २०२२ साली महाराष्ट्रात घडले, गर्दीचा कोंडवाडा स्वतःच रोग पसरवण्याचे ठिकाण होऊ शकतो आणि नव्या जनावराला वेगळे बांधण्याइतकी जागा लहान गावांत क्वचितच असते.

लिलाव : १८७१च्या कायद्याप्रमाणे सात दिवसांत मालक न आल्यास रखवालदाराने पोलीस ठाण्याला कळवायचे, ठाण्यात सूचना लावायची, जवळच्या गावात व बाजारात दवंडी पिटवायची आणि त्यानंतरच्या सात दिवसांतही कोणी न आल्यास जाहीर लिलाव करायचा, असा क्रम होता. कोंडवाड्याशी संबंधित अधिकारी व रखवालदार यांना बोली लावण्यास मनाई होती, यावरून कोणत्या गैरप्रकाराची शंका होती ते दिसते. गोवंश हत्याबंदीचा विस्तार करणारी १९९५ची दुरुस्ती २०१५ साली अमलात आल्यानंतर बैल व वळू यांच्या लिलावाला पूर्वीचे गिऱ्हाईक राहिले नाही, आणि बेवारस जनावरे गोशाळा किंवा पांजरपोळ यांच्याकडे सोपवण्याकडे कल वाढला. मुंबईचे पांजरपोळ १८३४ साली जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने उभे राहिले. त्याला १८३२ साली शहरात भटकी कुत्री मारण्यावरून उसळलेल्या दंगलीची पार्श्वभूमी होती.

कुत्री : ‘गुरे’ या व्याख्येबाहेर राहिल्याने कुत्र्यांचे व्यवस्थापन कोंडवाड्याकडे कधी आले नाही. नगरपरिषदांची कुत्री पकडणारी पथके वेगळी असतात आणि त्यांचे काम २००१च्या व त्यांच्या जागी आलेल्या २०२३च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार चालते. त्या नियमांत निर्बीजीकरण व रेबीज प्रतिबंधक लसीकरण करून कुत्रा जिथून पकडला तिथेच सोडण्याचे तत्त्व आहे. कोंडवाड्यात मालकाचा शोध मध्यवर्ती असतो, तर या नियमांत मालक नसणे गृहीत आहे. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये व बसस्थानके यांसारख्या आवारांतील कुत्री, तसेच महामार्गांवरील मोकाट गुरे हटवण्याचे निर्देश एकाच आदेशात दिले. गुरे गोशाळांत किंवा निवाऱ्यांत ठेवावीत असे त्यात म्हटले आहे. मालक येऊन घेऊन जाईल या गृहीतकावर बांधलेल्या आणि थोडीच जनावरे सामावणाऱ्या जुन्या कोंडवाड्यांना असा दीर्घ मुदतीचा निवारा होता येत नाही, त्यामुळे रस्त्यालगतच्या नगरपरिषदांना त्यासाठी निराळी जागा व चाऱ्याची निराळी तरतूद करावी लागते.